वन्संनी वाटलेल्या गुंफा

आमच्या वन्सं कुठल्याही देवळात सरळ आत गेल्या नाहीत. देऊळ असो, गुंफा असो, भेडाघाटचा धबधबा असो, आधी तिकडे पाठ करून बसायच्या. पायरीवर, दगडावर, जिथे जागा मिळेल तिथे. पिशवी मांडीवर, चष्मा पिशवीत, आणि देवाकडे पाठ. एखादी म्हातारी टोकायचीच, "अरे बहनजी, भगवान की तरफ पीठ?" त्यावर ह्या शांतपणे म्हणत, "अम्मा, हम तो देखने आए ही हैं, देख लेंगे. पहले उनको तो देख लेने दो, कौन आया है."

लोक आधी हसत आणि मग त्यांच्या शेजारीच बसत. हेच मी बोलले असते तर मला वेड्यात काढलं असतं. म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना तुम्हाला वाटायला नको की म्हातारी जळून राहिली की काय. जळूनच राहिली आहे. वन्संना जाऊन तिसरं वर्ष लागलं, तरी विझायचं नाव नाही.

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयाने माझ्याहून मोठ्या, ह्यांच्याहून लहान. त्यामुळे मी त्यांना वन्सं म्हणे आणि त्या मला वहिनी. लग्न केलं नाही. मुलींच्या हिंदी शाळेत इतिहास शिकवत. आम्ही जबलपूरला दीक्षितपुऱ्यात वरच्या मजल्यावर भाड्याने राहात होतो, तिथल्या गल्लीकडच्या खोलीत त्यांचा पलंग, त्यांचा ट्रान्झिस्टर आणि त्यांची पुस्तकं. मी बालाघाटकडची, सातवीनंतर शाळा सुटलेली. बाकीचं जे काही शिकले ते मराठी मंडळाच्या वाचनालयातली पुस्तकं दुपारी जिन्यात बसून वाचली त्यातून. वन्संना हे माहीत होतं. त्यांनी मला कधी शिकवलं नाही आणि कधी हसल्याही नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडायला काही तरी हाताशी आलं असतं.

त्यांचं लग्न काहून झालं नाही, ते सासूबाईंनी मला सांगितलं होतं. नागपूरची मंडळी बघायला आली होती. पाट मांडला, पोहे झाले, आणि वन्सं आल्या त्या पाटावर चक्क पाठ करून बसल्या. सासरे खाकरले. सासूबाईंनी मागून डोळे वटारले, पण डोळे दिसायला तोंड इकडे असायला पाहिजे ना. मुलाच्या काकांनी विचारलं, "मुलीला काही त्रास आहे का?" तर वन्सं भिंतीकडे बघत म्हणाल्या, "काही नाही. आधी तुम्ही पोटभर बघून घ्या. मग मी वळते आणि मी बघते." मंडळी पोहे न खाताच उठली. ते पोहे मग गल्लीत वाटले. सासूबाई हे सांगताना कपाळावर हात मारून घ्यायच्या, पण सांगायच्या अगदी चवीने. माझ्या बघण्याची गोष्ट त्यांनी कधी कोणाला सांगितली नाही. त्यात सांगण्यासारखं होतंच काय? मी मान खाली घालून बसले होते. मला ह्यांचे मोजे तेवढे दिसले. एकाला भोक होतं.

बाजारात तर विचारू नका. बड्या फुहाऱ्यावर साधा ब्लाउजपीस आणायला त्यांच्याबरोबर निघालं की संध्याकाळ व्हायची. दर दुसऱ्या दुकानातून कोणी तरी बाई बाहेर यायची, पदर सावरत वाकायची, "दीदी, प्रणाम! पहचाना?" दीदी ओळखायच्याच. नुसतं ओळखायच्या नाहीत, ती कुठल्या बाकावर बसायची आणि कोणाशी भांडायची तेही सांगायच्या. मग खव्याची जलेबी यायची, स्टूल यायचं. एक स्टूल. मी उभी. दुकानातली बाई माझ्याकडे बघून विचारायची, "और ये?" "ये मेरी भाभी हैं," वन्सं सांगत. "अच्छा, दीदी की भाभी!" सगळा जन्म त्या बाजारात मी दीदी की भाभी होते. एका कापडवाल्याला मी स्वतःचं नाव सांगितलं होतं, चांगलं दोनदा. त्यानेही पुढच्या वेळी हाक मारली, "आइए, दीदी की भाभीजी."

घरात त्यांना काही येत नसे. "वहिनी, मला भाजी चिरता येते आणि जाळता येते, मधलं येत नाही," असं स्वतःच म्हणत. पण जेवायच्या अशा की करणाऱ्याने बघत बसावं. पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "वहिनी, आज तुमचं वरण बोलून राहिलं हो." हे ताटाकडे बघायचे, जणू वरण खरंच काही म्हणतंय. इतक्या वर्षांत हे मला वरणाबद्दल एक शब्द बोलले नव्हते, मीठ जास्त झालं एवढं सोडून. आता अशा बाईवर रागवायचं तरी कसं सांगा. मी मनातल्या मनात रागवायची आणि हाताने आणखी तूप वाढायची.

पण हे सगळं मी सोडून दिलं असतं. बाजार त्यांचा, शाळा त्यांची, घ्या म्हणावं. माझं एकच होतं, माझी मुलगी रेवा. आणि तीच त्यांनी नेली. नेली म्हणजे पळवली नाही, मीच दिली. डबा करून दिली.

रेवा तान्ही असताना वन्सं तिच्याकडे फिरकत नसत. "मला बाळं समजत नाहीत, बोलायला लागली की सांगा," म्हणाल्या होत्या. तेल लावणं, शेक देणं, दुखणी, जागरणं, सगळं मी केलं. पोर शाळेत जायला लागली, नाही नाही ते प्रश्न विचारायला लागली, आणि एके दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, शाळेच्या मुलींना पचमढीला नेऊन राहिले. हिलाही नेते." पिपरियापर्यंत रेल्वे, पुढे घाट. मी पुऱ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, स्वेटर घातला, कानटोपी बांधली आणि पोर पाठवली.

परत आली ती दुसरीच. दारातूनच ओरडली, "आई, तुला माहीत आहे का? गुंफांमध्ये भाडेकरू बदलतात!"

पचमढीला छोट्याशा टेकडीच्या अंगात कोरलेल्या पाच गुंफा आहेत. आमच्याकडे सगळे त्याला पांडवांच्या गुंफा म्हणतात. वनवासात पांडव इथे राहिले, ही द्रौपदीची कुटी, ती भीमाची कोठडी. वर टेकडीच्या माथ्यावर मात्र जुन्या विटांचा स्तूप आहे, म्हणजे होता, आता विटाच आहेत. आणि शिकलेले लोक सांगतात की गुंफा बौद्ध भिक्षूंच्या, पांडवांचा काही संबंध नाही. ह्यावरून तिथे रोज कोणी ना कोणी भांडत असतं. वन्संना भांडण मान्यच नव्हतं. त्यांनी पोरीला सांगितलं होतं, "भिक्षू राहून गेले, मग खोल्या रिकाम्या पडल्या. रिकाम्या खोलीत लोक आपले पांडव आणून ठेवतात. ठेवू दे की. आपण दोघांनाही नमस्कार करायचा."

त्यानंतर दर हिवाळ्यात दोघी जायच्या. शाळा बरोबर असो नसो. मी नाही. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, ह्यांची फॅक्टरीची शिफ्ट, कोणी तरी घरी राहायला हवं, आणि ते कोणी तरी म्हणजे नेहमी मीच. दोघी माझ्या पुऱ्या गुंफेत बसून खात आणि घरी येऊन ज्या गोष्टी सांगत त्यांत पुऱ्या कुठेच नसत. पचमढीतल्याच जटाशंकरच्या गुंफेत महादेव भस्मासुराला भिऊन लपले, ती गोष्ट रेवाने मला नाचून करून दाखवली होती. वर देणारेही तेच आणि पळणारेही तेच. रेवा हसून लोळली. मी पोळपाट पुसत होते. मला महादेवांचं दुःख चांगलं कळलं.

वर्षं गेली. सासूबाई गेल्या, हे रिटायर झाले, रेवा बंगलोरला नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. मग तिला दिवस राहिले. आता काही झालं तरी पहिलं बाळंतपण आईचं. ह्यात कोणाला वाटा नाही, नणंदेला तर नाहीच, असं मी धरून चालले होते. लुगडी फाडून दुपटी शिवली. डिंक आणला, आळीव आणला, बाळंतशोपा निवडून डब्यात भरल्या. सहाव्या महिन्यात रेवा आली, डोहाळजेवण झालं, गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली. आणि संध्याकाळी म्हणते, "आई, डिलिव्हरी तिकडेच करणार आहे. डॉक्टर तिकडची आहे, ह्याला सुट्टीही तिकडेच मिळेल."

"बरं, मग मी येते तिकडे," मी म्हणाले.

"बघू गं," रेवा म्हणाली. बघू म्हणजे काय बघू? तेवढ्यात ती वन्संकडे वळली. "आत्या, मला एकदा पचमढीला जायचंय. आता नाही गेले तर मग पुढे कधी?"

"चलो," वन्सं म्हणाल्या.

"ह्या दिवसांत घाटातून?" मी म्हणाले.

"डॉक्टरला विचारलंय, आई. हळू जाऊ."

"मग मी पण येते."

दोघींनी माझ्याकडे बघितलं, जसं काही कपाटाने बोलावं. "तू?" रेवा म्हणाली.

"काहून? मला पाय नाहीत का?"

पुऱ्या ह्या वेळी मी केल्याच नाहीत. म्हटलं, पिपरियाला जे मिळेल ते खा.

तर अशी मी पहिल्यांदा त्या गुंफांसमोर उभी राहिले. खाली बाग, फुलं, सेल्फी काढणारी मंडळी. वन्सं पायऱ्यांशी गेल्या आणि ठरल्याप्रमाणे टेकडीकडे पाठ करून बसल्या. रेवा पोट सावरत त्यांच्या शेजारी, पाठ करून. सवयीने, दोघींच्या पाठी सारख्याच झुकलेल्या. मी बसले नाही. मी तोंड गुंफांकडे करून उभी राहिले. म्हटलं, मला ज्याला कोणाला बघायचंय त्याने खुशाल तोंडावर बघावं.

वर एक गाइड चिकटला. "मैडम, ये भीम की कोठरी. यहाँ भीम सोते थे."

वन्संनी आत डोकावलं. "भैया, इतना बड़ा भीम, इतनी छोटी कोठरी? पैर कहाँ रखता था?"

"पैर बाहर, मैडम," तो जराही न अडखळता म्हणाला.

मला हसू आलं आणि मी ते गिळलं. रेवाने विचारलं, "और भैया, भिक्षु लोग?"

"देखो दीदी, सरकार का बोर्ड कहता है भिक्षु, हमारे दादा कहते थे पांडव. आपको कौन चाहिए?"

वन्सं इतक्या खूश झाल्या की त्याच्या पाठीवर थाप मारली. "दोनों," म्हणाल्या. तो गेला तोही मागे वळून वळून बघत. माझ्याकडे त्याने एकदाही बघितलं नाही, आणि चहाला पैसे मी दिले होते.

मग वन्सं एकेका गुंफेच्या दाराशी थांबून म्हणायला लागल्या, "कोणी आहे का घरात?" उत्तर येईपर्यंत थांबायच्या. रेवा मला दाखवत होती, जशी नवीन घर घेतलेली मुलगी दाखवते. "आई, ही खांबांची आत्याची. शेजारची माझी, हिच्यात उन्हाचा पट्टा येतो बघ. ती भीमाची बाबांना दिली आहे."

"दिली म्हणजे?"

"आत्याने वाटून टाकल्या होत्या ना, मी लहान होते तेव्हाच. आणि ही तुझी."

कडेला एक लहानशी गुंफा होती. कुण्या साधूने धुनी पेटवून पेटवून भिंती आणि छत काळं करून ठेवलेलं. वाकून आत जायचं. मी वाकले. आत धुराचा वास.

"आम्ही दर वर्षी इथे यायचो," रेवा हसत सांगत होती, "आणि दारातून ओरडायचो, आई, चहा टाक! आठवतं आत्या?"

आता तुम्हीच सांगा. ती सगळी वर्षं मी घरी चुलीपाशी, आणि ह्या दोघींनी डोंगरातही मला चूलच दिलेली! मी पोचायच्या आधी माझं स्वयंपाकघर तिथे पोचलेलं होतं.

"म्हणजे इथेही मी रांधायचंच का?" मी म्हणाले.

रेवाचं हसू थांबलं. "आई, गंमत होती गं."

"तुमची गंमत. खांब तुम्हाला, ऊन तुम्हाला, आणि काजळी मला."

"वहिनी, रागावू नका," वन्सं म्हणाल्या. "थंडीत सगळ्यात उबदार खोली ती. म्हणून तुम्हाला ठेवली."

"ऊब तुम्ही घ्या. मला खांबांची द्या."

दुसरं कोणी असतं तर समजूत घातली असती, नाही तर चिडलं असतं. वन्सं म्हणाल्या, "घ्या की. सामान हलवते." आणि खरोखर हलवलं! खांबांच्या ओसरीतून आपली पिशवी उचलली, काठी उचलली, पाण्याची बाटली उचलली, आणि वाकून त्या काळ्या गुंफेत जाऊन मांडी घालून बसल्या. आतून म्हणाल्या, "छान आहे. वहिनी, किल्ली दगडाखाली ठेवली आहे."

मी खांबांच्या ओसरीत जाऊन बसले. एकटी, राणीसारखी. समोर साल वृक्षांची गर्दी, खाली बाग, आणि वारा असा की कानात शिरून डोक्यातून निघावा. शाल गुंडाळून बसले. वाटलं, आता रेवा येईल. ती आली नाही. शेजारच्या काळ्या गुंफेतून हसण्याचा आवाज आला. दोघींचा. खोल्या बदलल्या, पण पोर आत्याच्याच खोलीत. मला खांब मिळाले.

त्या दगडांची करणी अशी की शेजारी कुजबुजलं तरी इकडे ऐकू येतं. हसणं थांबलं, आणि रेवाचा आवाज आला.

"आत्या, तू येशील का माझ्याकडे? बाळंतपणाला?"

मी कानावरची शाल बाजूला केली.

"मी?" वन्सं म्हणाल्या.

"हो. आई आली ना, तर दुसऱ्या दिवसापासून घर तिचं होईल. डबे हलतील, पडदे हलतील, कामाच्या बाईला शिकवणं सुरू होईल. मला काही बोलता यायचं नाही, तिला वाईट वाटेल. मग मी रडणार, मग ती रडणार. तू आलीस तर मला नुसतं हसता येईल."

दुपटी, डिंक, आळीव. डब्यात भरून ठेवलेल्या बाळंतशोपा. मी खांबाला हात लावून बसले होते. दगड गार होता. जिने आयुष्यात पोर मांडीवर घेतली नाही तिला बाळंतपणाला बोलावणं, आणि आई शेजारच्या खोलीत! मला वाटलं, आता ही हो म्हणणार. काहून नाही म्हणेल? आजवर जे जे मिळालं ते सगळं घेतलंच की हिने, न मागता.

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"काहून गं?"

"मला बाळं समजत नाहीत. तुझं बोलायला लागलं की पाठव. आणि तुमच्या त्या गावाला नदी नाही. मी नदीशिवाय राहात नाही."

"आत्या, मी खरंच विचारून राहिले."

"मी पण खरंच सांगून राहिले, रेवा. तुला हसवायला येईन आणि पोर रडली की कानात बोटं घालून बसेन. मग?"



"मग काय करू?" रेवा म्हणाली.

"आईला विचार. ती हो म्हणेल."

एवढंच. ती हो म्हणेल! मी कान लावून बसले होते की आता पुढे काही तरी येईल. की अगं, तिच्यासारखं तेल लावणारं गल्लीत कोणी नाही. की तिने तुला कशी वाढवली ते मी बघितलं आहे. एक शब्द टाकला असता तर ह्या बाईचं काय गेलं असतं? वरणाला बोलता येतं म्हणाली होती, मला काय येतं ते नाही सांगितलं. नळाला पाणी येईल म्हणावं तसं म्हणाली, ती हो म्हणेल.

थोड्या वेळाने रेवा ओसरीत आली. माझ्या शेजारी टेकली, शालीचं टोक आपल्यावर ओढलं. "आई, येशील ना माझ्याकडे? तुलाच विचारणार होते."

"बघू," मी म्हणाले. "बाबांच्या जेवणाचं बघावं लागेल."

खाली बागेत तिने पुन्हा विचारलं. मी म्हणाले, माझी गुडघेदुखी आहे. जीपमध्ये बसल्यावर पुन्हा विचारलं, माझा हात हातात घेऊन. तेव्हा कुठे मी हो म्हणाले. मला ते विचारणं कानभर ऐकायचं होतं.

वन्सं पुढच्या सीटवर होत्या. मागे न बघता म्हणाल्या, "वहिनी, त्या गुंफांमध्ये आवाज फार घुमतो, नाही?"

"मला हल्ली कमी ऐकू येतं," मी म्हणाले.

"बरं आहे," वन्सं म्हणाल्या, आणि ड्रायव्हरला त्याच्या गावाचं नाव विचारायला लागल्या. पिपरिया येईपर्यंत त्याने सगळ्या खानदानाची कहाणी सांगितली होती.

मी बंगलोरला गेले. एक डबा हलवला नाही. मीठ कुठे आहे तेही पाहुणी विचारते तसं विचारून घ्यायची. पडदे होते तसे, बाई करेल ते पसंत. शेवटी रेवाच वैतागली. "आई, तू काहून अशी परक्यासारखी करून राहिली?"

"तुझं घर आहे बाई," मी म्हणाले. तिने माझ्याकडे नीट बघितलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, ते मसाल्याचे डबे जरा लावून दे ना. मी लावून दिले. फार दिवस हात शिवशिवत होते.

नात झाली. न्हाऊमाखू, धुरी, शेक, सगळं माझ्या हाताने. आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल जबलपूरला. वन्संना फोन धरता येत नसे, नुसतं कपाळ दिसायचं आणि मागचा पंखा. त्या कपाळातून त्या बोलायच्या, "कोणी आहे का घरात?" आणि रडून लाल झालेली पोर गप्प व्हायची. माझ्या मांडीवर, माझ्या दुपट्यात, माझं तेल अंगाला लागलेलं, आणि गप्प व्हायची ती त्या कपाळाच्या आवाजाने!

पोर बोलायला लागण्याच्या आतच वन्सं गेल्या. थंडीचे दिवस होते. दुपारी जेवल्या, वरणाबद्दल काही तरी छान बोलल्या, आणि पलंगावर आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. बड्या फुहाऱ्यावरच्या कितीतरी बायका आल्या होत्या, जिना भरून खाली गल्लीपर्यंत. रेवा विमानाने आली. दारातून आत आली ती माझ्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. "आई, आत्या गेली गं. आता मी कोणाकडे येऊ?"

माझ्याच गळ्यात पडून! मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दुसरं काय करणार? रडू मलाही येत होतं. त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते मी निवडत बसले नाही.

ह्या सुट्टीत नात महिनाभर माझ्याकडे आहे. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीत. दुपारी जेवण झालं की माझ्या पोटावर पाय टाकते आणि सुरू. "आजी, आत्याआजी की स्टोरी."

"तुझ्या मम्माने सांगितल्या आहेत ना?"

"मम्मा को पूरी नहीं आती. आपको पूरी आती है."

खरंच येतात. जगात आता मलाच पूर्ण येतात. मी राजाराणीची सांगून पाहिली, माझ्या बालाघाटच्या जंगलाची सांगून पाहिली. नको म्हणते. तिचीच हवी. जिला ह्या पोरीने धड पाहिलंही नाही तिची! तेव्हा मी एक केलं. तीन दिवसांपूर्वीच्या गोष्टीत मी एक अस्वल घातलं.

"आत्याआजी गुंफेपाशी गेली. म्हणाली, कोणी आहे का घरात? तर आतून आवाज आला, हो, आहे. आणि बाहेर आलं हे एवढं मोठं अस्वल!"

"फिर?"

"मग तुझी आत्याआजी जी पळाली, जी पळाली, ती थेट पिपरियाला. पण तिची वहिनी बरोबर होती ना, ती नाही पळाली. ती म्हणाली, काय रे, असा अंगावर काहून येऊन राहिला? भूक लागली का? आणि तिने डबा उघडून त्याला पुरी दिली. पुरी तिखट होती. अस्वलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. वहिनी म्हणाली, रडू नको, सवय होईल. आणि दुसरी दिली."

नात खुदुखुदु हसायला लागली. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला घाटात बंद पडलेली जीप ढकलायला लावली. तिसऱ्या दिवशी वहिनीने खुद्द भीमाला त्याच्या कोठडीतून बाहेर काढलं, पाय दुखून राहिले असतील म्हणून, आणि तेल चोळून दिलं. वन्सं त्या गोष्टीत नुसत्या बाजूला उभ्या होत्या. मला फार बरं वाटलं.

काल गोष्ट संपली तरी पोर उठेना. कोपरावर टेकून माझ्याकडे बघत राहिली.

"आजी, वो वहिनी कौन थी?"

"होती एक. इथेच राहायची, दीक्षितपुऱ्यात."

"वो बहुत मस्त थी."

"अच्छा?"

"हाँ. अब उसकी स्टोरी बताओ. आत्याआजी नहीं. सिर्फ उसकी."

मी तोंड उघडलं. वन्संच्या गोष्टी अशा तोंडावर असतात की झोपेत हलवलं तरी सांगेन. वहिनीची मात्र कधी कोणी विचारलीच नव्हती. ती कुठून सुरू होते, कुठे हसायचं, कुठे थांबायचं, मला काहीच ठाऊक नव्हतं. बालाघाटपासून धरू की त्या मोज्याच्या भोकापासून? एवढ्यासाठी मी जन्मभर जळत बसले होते, आणि आता समोर आलं तर जिभेवर शब्द नाही.

"बोलो ना, आजी."

"थांब गं," मी म्हणाले. "आठवून राहिले."